सातची बोट

"जागा नाही," बोटीच्या दारातला तिकीट तपासनीस म्हणाला. "दुपारच्या बोटीने या."

नुन्झियाने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. गाएतानोचा चेहरा पिवळा पडला होता, पाय सुजले होते. अकरा वाजता समुद्रापलीकडे, मिलाझ्झोच्या इस्पितळात त्याचं डायलिसिस होतं. आठवड्यातून तीनदा असायचं.

"शुक्रवारीही हेच सांगितलंत. माणूस आहे हा, माशांची पेटी नव्हे, दुपारी नेऊन टाकायला!"

"बाई, ऑगस्ट आहे. तिकिटं महिनाभर आधीच विकली गेलीत."

आत खिडक्यांशी पर्यटक बसले होते. लिपारीला बोट बदलून त्यांना स्ट्रॉम्बोलीचा ज्वालामुखी गाठायचा होता. एकाने मोबाइल उचलून धक्क्याकडे धरला.

"काढ, काढ!" नुन्झिया ओरडली. "अजून जिवंत आहे, तोवर काढून घे!"

मग ती धाकट्या भावाकडे वळली. ओनोफ्रिओ फिलिकुदी बेटाच्या या धक्क्यावर बोटी बांधायचा आणि सोडायचा. सव्वीस वर्षांत एकही बोट त्याच्यामुळे थांबली नव्हती. आत्ताही तो खुंटाचा दोर काढायला वाकलाच होता.

"आणि तू? आईला याने खांदा दिला होता, ओनोफ्रिओ. सोड दोर, जाऊ दे बोट याला टाकून. सोड ना!"

"ताई, नोकरी आहे गं माझी," तो मान खाली घालूनच म्हणाला.

"मग कर नोकरी!"

भोंगा वाजला. गाएतानोला उभं राहवेना. तो हाताने चाचपत फरशीवर टेकला, तेव्हा त्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. ओनोफ्रिओने तो ऐकला. त्याने दोराला आणखी एक वेढा दिला आणि खुंटावर बसून घेतलं.

"ए! वेड लागलं का तुला?" तपासनीस ओरडला.

"मला जागा मिळाली," ओनोफ्रिओ म्हणाला. "यांना मिळाली की उठतो."

दहा मिनिटांनी कप्तान स्वतः खाली आला. गाएतानोकडे त्याने एकदा बघितलं. खलाशाची घडीची खुर्ची त्याने दाराशी मांडायला लावली. तपासनीस ओनोफ्रिओचं नाव कागदावर लिहून घेत होता.

बोट निघाली. नुन्झिया नवऱ्याशेजारी उभी राहिली. सालिना बेट मागे पडल्यावर एक तरुण पर्यटक बाई ओशाळत उठली.

"बसा ना तुम्ही."

"आज नको," नुन्झिया म्हणाली. "परवा पुन्हा जायचंय आम्हाला. परवा उठाल?"