वर्ष आणि वर एक दिवस

या, जरा जवळ सरकून बसा. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ओरडून सांगण्यासारखी नाही.

थिर्झा पेंगेलीने खिडकीतून पाहिलं. केरा फाटक लोटून आत येत होती. काखेत तीच वही. कोटाखालचा निळा अंगरखा मात्र आज नव्हता.

"आली ठोंबी," थिर्झा मांजराला म्हणाली. "वर्षभर एक रंग धरला, आज तोही विसरली."

थिर्झा विक्का पंथातली. चंद्राची आणि ऋतूंची उपासना करणारी. पन्नास वर्षांत तिने सात जणींना दीक्षा दिली. सातही गेल्या, कोणी मातीत, कोणी परदेशात. आता ब्याऐंशीव्या वर्षी तिच्यापाशी विधीची काळ्या मुठीची सुरी होती, हाताने लिहिलेली पोथी होती, आणि हे सोपवायला एवढी एकच पोरगी. बाकीच्या मुली दुकानातून रंगीत खडे घेत आणि पुढच्या शनिवारी स्वतःला चेटकीण म्हणवत.

नियम साधा होता. शिकणारीने वर्ष आणि वर एक दिवस थांबायचं. मग आपण होऊन, तीनदा, दीक्षा मागायची. गुरूने "का आलीस?" विचारायचं नाही, "माग" असं सुचवायचंही नाही. जिला मागता येतं, ती तयार.

केरा पहिल्या गुरुवारी दारात एवढंच म्हणाली होती, "शिकायला आलेय." त्याला वर्ष झालं, वर एक दिवस झाला, वर आणखी पाच दिवस झाले. पोरगी तोंड उघडेना.

"थिर्झाबाई, आज वार कोणता हो?" आत येताच केराने विचारलं.

"गुरुवार! दर खेपेला तेच. अगं, चंद्र शिकायला निघालीस आणि वार ठाऊक नाही? पौर्णिमेला चार दिवस आहेत, तेही सांगून ठेवते."

"बरं झालं सांगितलंत." केरा हसली आणि फ्रीज उघडून वाकली.

"पहिली पायरी कोणती सांगितली होती?"

"गप्प बसायची. मेणबत्ती बोटभर जळेपर्यंत."

"आणि तू काय करतेस? तिथे डोकं घालून चंद्र दिसतो का?"

"चंद्र नाही दिसला. गेल्या आठवड्याचं मटण दिसलं." तिने ते नाकाशी धरलं, तोंड वाकडं केलं आणि कचऱ्यात टाकलं.

दुसरी पायरी मिठाचं वर्तुळ. निम्मं घालून झालं, आणि केरा त्यातून सरळ बाहेर पडून शेगडीपाशी गेली. गॅसचं बटण फिरवून परत आली.

"मोडलंस वर्तुळ!"

"मोडलं खरं. पुन्हा घालते."

"घाल. तुझ्या हातून सूपसुद्धा पातेल्यात राहायचं नाही."

थिर्झाला तिची एकेक खोड पाठ झाली होती. उघडी मेणबत्ती दिसली की ही काचेच्या बरणीत ठेवणार. अंगणाच्या पायरीवर उगाच मनगट धरणार. गुरूचा हात धरला की विद्या येते, असं कुठे वाचलं असेल. ती गेली की थिर्झा आपल्या पोथीच्या मागच्या पानावर दोन शब्द लिही: तयार नाही. अशा ओळींनी पानं भरली होती.

आणि हिच्याहून शहाणा थिर्झाचा मुलगा, डेन्झिल. प्लिमथहून फोनवर वृद्धाश्रमाचं तुणतुणं वाजवायचा. वर्षभर तेही बंद होतं. घाबरला असणार. या घराबाहेर थिर्झा आडवीच निघणार, हे तिने त्याला ठणकावलं होतं.

"जा, मागच्या अंगणातून रोझमेरी आण," ती म्हणाली. "शेंडे खुड. नाहीतर मुळासकट उपटून आणशील, गाढवासारखी."

केरा गेली. वही टेबलावर राहिली.

शिकणारीची वही तिने दाखवल्याशिवाय गुरूने उघडायची नसते. थिर्झाने पन्नास वर्षांत उघडली नव्हती. पण पाच दिवस जास्त झाले होते. पाहू तर खरं, ठोंब्यांच्या पोथीत काय असतं! तिने चष्मा लावला.

पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं: "माझ्या बदली येणाऱ्या मदतनिसासाठी. मुलाने बजावलं आहे, 'मदतीला आले' म्हटलं तर बाई दार उघडत नाहीत. 'शिकायला आले' म्हणावं."

थिर्झाने पान उलटलं. मग पुढचं. प्रत्येक गुरुवार होता. "वार विचारला, बरोबर सांगितला. गॅस चालू राहिला होता, बंद केला. पायरीवर तोल जातो, मनगट धरावं." आणि प्रत्येक पानाखाली डेन्झिलला कळवलेली एकच ओळ: "वृद्धाश्रमासाठी तयार नाहीत. मी येत जाईन."

शेवटच्या पानाची शाई ताजी होती. "नगरपालिकेची वर्षाची मदत गेल्या गुरुवारी संपली. पुढे हवी तर बाईंनी स्वतः मागायला हवी, मी सुचवायचं नाही असा नियम आहे. आज माझ्या सुट्टीत, गणवेशाशिवाय जाऊन येते."

मागचं दार वाजलं. थिर्झाने वही जागच्या जागी ठेवली.

"मुळासकटच आली हो, थिर्झाबाई," केरा म्हणाली आणि माती धुवायला तिने नळ सोडला.

"पुढल्या गुरुवारी येशील?" थिर्झाने विचारलं. नळाच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं. आणि मग खुर्चीचा हात धरून उठली, वाकून नळ बंद केला, आणि तिसऱ्यांदा मागितलं.

थिर्झा पेंगेलीला विसरलात तरी चालेल. ठोंबीची तेवढी आठवण ठेवा.