फाट्यावरची फांदी

"एवढी फांदी वाटंत आडवी, अन् एकाची बी कंबर वाकत न्हाय. सगळ्यांनी उड्या मारून जायचं, अन् वाकायचं म्हातारीनं." विठाबाई पुटपुटत होती. तिचा तळहात सुनेच्या मांडीवर होता आणि तोंड दाराकडं.

द्वारकाबाई सुईनं काटा कोरत होती. कान मात्र तिचे नदीकडं. तिचा नवरा कोंडीराम दुपारीच चार वर्षांच्या लेकीला, प्रेमाला, घेऊन शिवप्पा वाण्याच्या मळ्यात जाऊन बसला होता. वाण्याची बायको जगदेवीही तिथंच होती. दिवस कलला की तिघांनी नदीवर उतरायचं. सीनेच्या पलीकडं सोलापूरचा मुलूख. निजामाच्या राज्यातले बंदूकवाले तिकडं येत नव्हते. पोरीला पोचवून कोंडीराम परत येणार आणि उद्या द्वारकाबाईची पाळी.

विठाबाईला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. गुडघे गेलेल्या म्हातारीला छातीभर पाण्यातून कसं न्यायचं, असं कोंडीराम चुलीपाशी म्हणाला होता. इतकं हळू, की द्वारकाबाईला ते न ऐकल्यासारखं करता आलं. तेव्हापासून नदीपार गेलेल्या प्रत्येकाबद्दल म्हातारीला लग्नाचंच सांगायचं. शेजारचा सोमलिंग लग्नाला गेला. शिवप्पा लग्नाला गेला. श्रावणात कुठलं गं लगीन, असं म्हातारीनं एकदा विचारलं. मग विचारायचीही थांबली.

काटा निघाला. लांब, पांढरा, बाभळीचा. कुठं पडली होती फांदी, असं द्वारकाबाईनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. म्हसोबाच्या फाट्यावर, म्हातारी म्हणाली, घळीच्या वाटंला.

सुई द्वारकाबाईच्या हातातच राहिली.

म्हसोबाच्या फाट्यावरून दोन वाटा नदीला जायच्या. एक घळीची, जवळची आणि झाकलेली. दुसरी मसणवट्यावरून, उघड्या रानातली, लांबची. बंदूकवाले ज्या वाटेवर दबा धरून असतील, तिच्यावर मेंढक्या दगडोबानं बाभळीची फांदी आडवी टाकायची, असं ठरलेलं. खूण जाणाऱ्यांनाच ठाऊक. विठाबाई रोज काठी टेकत म्हसोबाला पाणी घालायला जायची आणि येताना वाटेतला काटाकुटा बाजूला सारायची. अनवाणी पायांची वाट, आपण झाडायची नाही तर कुणी, म्हणायची. नवी नवरी होऊन गावात आल्यापासूनचा तिचा हा नेम सगळ्या गावाला माहीत होता. दगडोबालाही. पण खूण ठरवताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"आत्याबाई, ती फांदी कुठाय?"

"दिली वड्यात ढकलून. का?"

"कुंपणाला पायजे."

"आपल्याला कुंपण कवापासनं?"

द्वारकाबाई उठली. घागर कमरेवर घेतली आणि बाहेर पडली. पळणारी बाई दहा जणांच्या नजरेत येते, घागर घेतलेली कुणाच्याच नाही. वेस ओलांडल्यावर तिनं घागर बांधाशी ठेवली आणि मग ती पळाली.

ओढ्याला पाणी होतं. फांदी वाहून गेली होती. कुणाच्या तरी शेताच्या कुंपणातून तिनं दुसरी फांदी उपसली. कोयता नाही, काठी नाही. नुसत्या हातांनी धरून तिनं ती फाट्यापर्यंत ओढत आणली. घळीकडून विडीचा वास येत होता. कुणीतरी खोकलंही. घळीच्या वाटेवर फांदी आडवी टाकून ती म्हसोबाच्या दगडांमागं बसली. हाका मारायची सोय नव्हती.

थोड्या वेळानं ते आले. पुढं कोंडीराम, खांद्यावर प्रेमा. मागं जगदेवी, डोक्यावर वैरणीचा भारा, म्हणजे भाऱ्यात तिचा सगळा संसार. कोंडीराम सरळ घळीकडंच निघाला होता. फांदी दिसली तसा थांबला आणि मसणवट्याकडं वळला. बायको हातभर अंतरावर आहे हे त्याला कळलंही नाही.

प्रेमाला आई दिसली. पोरीनं तोंड उघडलं. द्वारकाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. बोटाला रक्त होतं. पोरगी तेवढ्यावर गप्प झाली आणि बापाच्या खांद्यावरून मागं बघत बघत गेली.

ती तिघं रान ओलांडून नदीकाठच्या झाडीत शिरेपर्यंत द्वारकाबाई तिथंच बसून होती. मग घागर उचलून घरी आली.

दिवेलागणीला विठाबाई उंबऱ्यातच बसलेली. सुई तिनं पदराला टोचून ठेवली होती. घागर कोरडी आहे हे तिनं बघितलं. सुनेचा हात ओढून तिनं आपल्या मांडीवर घेतला. डोळ्यांना काटे दिसत नव्हते, म्हणून अंगठ्यानं चाचपत राहिली. तळहातावर जागा उरली नव्हती.

प्रेमा दिसंना कुठं, असं आता ती विचारील, म्हणून द्वारकाबाई मनातल्या मनात एक लग्न जुळवत होती.

म्हातारीनं पहिला काटा काढला. दुसरा काढला. वर बघितलं नाही.

"मला ठेवून जाणार हायसा तुमी," ती म्हणाली. "तेवढं सांगितलं असतं, तर फांदीचं बी सांगता आलं असतं."