कौशल्याबाईंचा गंज

इतवारीच्या भंगारबाजारातून बाबारावांनी आणलेली ती काठी नेमकी कशाची, हे दोन महिने कोणाला सांगता येईना. खाली ताटाएवढी चकती, वर जड डबा. कोणी म्हणे फवारणीचा पंप, कोणी म्हणे डॉक्टरचं काहीतरी. शेवटी चिंचेच्या पाण्यानं डब्यावरची पितळी पट्टी घासली तेव्हा अक्षरं उजळली. यंत्र सैन्याचं होतं, जमिनीत पुरलेला धातू हुडकायचं. मग बाबारावांनी चकतीत नवी तार गुंडाळली, जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह बसवले आणि आज ते अंगणात फिरवलं. कढीपत्त्याखाली यंत्र भुकेल्या वासरासारखं हंबरलं.

खणलं तर पितळेचा गंज निघाला, चांगलं मोठं पातेलं. काठावर नाव कोरलेलं, कौशल्या.

कौशल्याबाईंनी पटकन नवऱ्याच्या हातातल्या गंजावर पदर टाकला. हाच गंज शेजारच्या गोपिकानं ढापला म्हणून बारा वर्षं भांडण चाललं होतं. रोज सकाळी आधी सडा, मग रांगोळी, मग भिंतीवरून भांडण. कुंडीसाठी माती भरायला गंज आपणच इथं आणला आणि मातीत विसरला होता, हे त्यांना आत्ता आठवलं.

"पुरा तो परत," त्या हळूच म्हणाल्या.

"काहून वं? चांगलं भांडं हाय."

"मंग उद्यापासून मी तिच्याशी बोलू तरी काय?"

बाबारावांनी गंज खड्ड्यात ठेवून माती ओढली. तेवढ्यात भिंतीपलीकडून गोपिकाचा आवाज आला.

"जरा खोल पुरा, भाऊजी. मागच्या साली कुत्र्यानं उकरला होता, तवा मलेच येऊन माती लोटावी लागली."