वाढीव वॉरंटी

बहिणीच्या निकाहाचे सगळे फोटो पोटात घेऊन लॅपटॉप बंद पडला, तेव्हा फोटोग्राफर इरशाद वाढीव वॉरंटीचा कागद घेऊन नसरापूरला, जिथून तो घेतला त्या दुकानात गेला. दुकानदार खुटवड शेठ हसले. "वॉरंटी मशीनची असती बाबा, आतल्या फोटूंची न्हाई." मशीनही नवं दिलं नाही, तेच ठाकठोक करून गळ्यात मारलं.

पुढं शेठच्याच लेकीच्या लग्नाचे फोटो इरशादनं मुद्दाम त्याच लॅपटॉपमध्ये भरले. आठवड्यात तो पुन्हा मेला. आता शेठ स्वतः पुण्याला कंपनीच्या सेंटरवर पळाले आणि वॉरंटीत नवाकोरा लॅपटॉप घेऊन इरशादच्या दारात आले.

"काय बी कर, पर लेकीचे फोटू दे."

"वॉरंटी मशीनची असती, शेठ."

 

शेठ पायरी उतरेपर्यंत इरशादनं खिशातली सीडी घट्ट धरून ठेवली. अख्खं लगीन तिच्यात होतं.