डाव्या गालाचा डाग

“हलू नको ना आई,” पायल म्हणाली आणि नारिंगी रंगाचं बोट तिनं बेबीनंदाच्या डाव्या गालावर टेकवलं.

डाग चांगला तळहाताएवढा होता. काळा, गालफडापासून हनुवटीपर्यंत उतरलेला. त्यावर नुसता कातडीच्या रंगाचा थर दिला तर राख फासल्यासारखं दिसतं. आधी खाली नारिंगी लागतो, तेव्हा कुठं काळेपणा मरतो. भोकरदनच्या पार्लरात पायल उन्हाळाभर हेच शिकली होती. बरोबरीच्या मुलींना नवऱ्या नटवायची हौस होती. पायलच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून हा एकच गाल होता.

आज परीक्षा होती. प्रत्येकीनं घरातला एक चेहरा आणायचा, असं प्रभावती मॅडमचं फर्मान होतं. पुटकुळ्या असोत, वांग असो, डोळ्यांखालचं काळं असो, ते असं झाकायचं की शेजारणीनंसुद्धा ओळखू नये. पहिली येईल तिला लग्नसराईत मॅडमबरोबर काम मिळणार होतं. ते नाही मिळालं तर दिवाळीनंतर पायलचे हात पिवळे करायचे, असं घरात ठरूनच गेलं होतं. पायलला इतक्यात बोहल्यावर चढायचं नव्हतं.

बेबीनंदाला केदारखेड्याहून इथवर आणताना तिच्या नाकी नऊ आले होते. ही बाई कुणाच्या लग्नाला जायची नाही, फोटोत उभी राहायची नाही. घराबाहेर पडली की पदर गालावर. डागाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पायल पोटात होती, बेबीनंदाच्या पायात काटा मोडला, चटका द्यायला बिब्बा तापवला तर तो फुटला आणि तेल उडून गालावर उतलं. एवढं सांगून बेबीनंदा नेहमी चुलीकडे उठून जायची.

पायलनं स्पंजानं शेवटची कड टिपली, पावडर फिरवली आणि मागं सरकली. तिचाच तिच्यावर विश्वास बसेना. समोर कुणी दुसरीच बाई बसली होती. नाकीडोळी नीटस, भरल्या गालांची, चांगली देखणी. मुली आपापली कामं टाकून भोवती गोळा झाल्या. ही तुझी मोठी बहीण का, असं एकीनं विचारलंसुद्धा. पायलला आनंदानं रडू यायचंच बाकी होतं. आपली आई अशी दिसायची आणि आपल्याला कुणी कधी सांगितलं नाही, याचा तिला जरा रागही आला.

बेबीनंदा आरशात बघत होती. ना हसू, ना रडू. फार वर्षांपूर्वीचं कुणी नको तिथं भेटावं, तशी ती बघत राहिली.

तेवढ्यात पायलचा फोन वाजला. तिचे वडील, साहेबराव, दोघींना न्यायला आले होते आणि खाली रस्त्यावर गाडी लावून उभे होते. पायलला कुठला धीर निघतोय. अण्णा, आधी वर या, आईला ओळखून दाखवा, असं ती बोलून गेली. ते येतो म्हणाले.

बेबीनंदा खुर्चीतून उठली. मॅडम अजून पलीकडच्या मुलीचं काम तपासत होत्या. आई पाणी प्यायला चालली असेल, असं पायलला वाटलं. बेबीनंदानं बेसिनवरच्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली ओंजळीत उपडी केली आणि गाल खसाखसा चोळायला सुरुवात केली. कातडीचा रंग गेला, नारिंगी ओघळला आणि खालून काळा वर आला. पायल धावली. तिनं आईचे हात धरले, विनवण्या केल्या. पण जन्मभर कापूस वेचलेल्या त्या हातांपुढं तिचं काही चाललं नाही.

मॅडम आल्या. त्यांनी तेलकट गाल बघितला. पुसून टाकलेल्या कामाला मी काय मार्क देऊ, म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. रागावल्याही नाहीत. रागावल्या असत्या तर पायलला बरं वाटलं असतं. आता पाहुणे येणार, पोहे होणार आणि दिवाळी काही लांब नव्हती.

साहेबराव जिना चढून दारात आले. बेबीनंदाकडे त्यांनी नीट, निरखून बघितलं.

“हाय तशीच तर हाय की,” ते म्हणाले. चेहऱ्यावर समाधान दिसलं. चला जल्दी, म्हणत ते गाडी काढायला खाली गेले.

इतका वेळ दाबून धरलेलं पायलच्या तोंडून बाहेर पडलं. ब्रश पिशवीत कोंबता कोंबता ती आईवर तुटून पडली. “मह्या कामाचं वाटोळं केलं ते केलं. अण्णाला तरी एकदा पाहू द्यायचं व्हतं. गल्लीतल्या बाया रोज नवऱ्याचा मार खातात. त्यायनी तुह्यावर कधी हात उचलल्याचं म्या पाह्यलं न्हाई. अशा माणसाला एवढं सुख बी देता येईना तुला?”

बेबीनंदानं पदरानं गाल टिपला. जिन्यावर कुणी नाही, हे तिनं वाकून बघितलं.

“तू पोटात व्हती तवर रोज मारायचे,” ती हळू आवाजात म्हणाली. “ह्यानं काहून पाह्यलं, त्यानं काहून पाह्यलं. तोंड देखणं व्हतं ना. मंग म्या बिब्बा तापवला अन् मह्या हातानं गालाला लावला. तवापासून न्हाई मारलं.”