सेल काढल्यावर

मुगाच्या दाण्याएवढ्या लाल एलईडीचा उजेड कालच्यापेक्षा किंचित जास्त होता. कुसुमला ते पटेना; तिने नुकताच त्यात मोठा रेझिस्टर घातला होता. बी.एस्सी.ला शिकलेलं ती विसरली नव्हती: रेझिस्टर मोठा घातला की उजेड कमी व्हायलाच हवा.

तिचा नवरा हौसराव दौंडला रेडिओ दुरुस्त करायचा. हा दिवा त्यानेच जोडला होता. गेल्या पावसाळ्यात हौसराव भीमेच्या पुरात वाहून गेला, सापडलाच नाही.

"दिवा जळतोय तवर माझा हौसा हाय," म्हणत सासूने, झुंबरबाईंनी, त्याचे दिवस घालू दिले नाहीत. म्हातारीच्या जिवासाठी कुसुम गुपचूप सेल बदलत राहिली. आता दिवा मंद करत न्यायचा आणि एक दिवस खरं बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. तो दिवस रोज पुढे जात होता.

तिने आणखी मोठा रेझिस्टर जोडला. उजेड वाढला.

तिने दोन्ही सेल काढून पदरात घेतले. उजेड वाढतच राहिला.

तिने दिवा मुठीत दाबला. तो ओला लागला. बोटांच्या फटींतून लाल उजेड भिंतीवर पसरला.

चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"कुसुम, हौसा आला व्हय गं? दाराशी पाय धुतोय जणू."

दिवा 'विझला' असं कधी म्हणू नये, हे झुंबरबाईंनीच तिला शिकवलं होतं.

"आत्याबाई," दाराकडे न बघता कुसुम म्हणाली, "दिवा विझला. उद्या त्यांचे दिवस घालू."