खुंटावरचा समुद्रपक्षी

"साहेब, हितंच बसा. फुडं गेलात तर बिथरंल ते," सरपंच भगवानराव कुजबुजले.

येलदरी धरणाच्या काठावर एस.टी.चे बन्सीधर साहेब उकिडवे बसले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. तालुक्यातली कुठली गाडी कुठं जायची हे साहेब ठरवायचे, पण जीव सगळा पाखरांत. नव्या पाखराची खबर आली की भरल्या ताटावरून उठायचे. आजही जीप फाट्यावर सोडून दीड कोस चिखल तुडवत आले होते. एक चप्पल नाल्यातच राहिली होती.

पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खुंटावर पाखरू बसलं होतं. अंग पांढरंफेक, पंख काळेभोर, चोच पिवळी.

"कधीपासून आहे?"

"परवापसून. उडंनाच गेलंय. लय लांबून आलंय जणू, दमलं आसंल बिचारं."

साहेबांनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. एकदा चित्र बघायचे, एकदा पाखरू. भगवानरावांना उगंच घाम फुटला. गावात बस यावी म्हणून त्यांनी तीन वर्षं साहेबांकडं खेटे घातले होते. दर वेळी एकच जवाब, "एवढ्याशा गावात बसणार कोण?"

गावातली म्हातारी कडूबाई चहा घेऊन आली. "कोरा हाय, साहेब. गोड मानून घ्या. त्यो नाला लय वंगाळ बघा. मागल्या साली थोरल्या सुनंला दवाखान्यात न्यायलो, तर बैलगाडी तिथंच रुतली. गाडीतच बाळंत झाली. नशिबानं पोरगं जगलं. आता धाकटीचे, सत्यशीलाचे, दिवस भरत आलेत."

"कडूबाई, साहेब पाखरू बघायलेत. तुझं बाळंतपण कशाला मधी?" भगवानराव डाफरले.

साहेबांनी आपल्या चिखलानं भरलेल्या अनवाणी पायाकडं बघितलं, मग पुन्हा दुर्बीण लावली. बराच वेळ काढलीच नाही.

"बूबी!" साहेब एकदम उठले. "भगवानराव, हा भर समुद्रातला पक्षी! वादळात भरकटून आला असणार. मी जन्मभर तुमचा ऋणी राहीन."

"मग लोक येतील का हो बघायला?"

"मुंबई-पुण्याहून येतील! ते काय चिखलातून चालणार? बस लागेलच."

गावानं नाल्यात मुरूम भरला आणि पंधरवड्यात बस आली. पुढच्या बाकावर स्वतः साहेब. नारळ फुटला. सत्यशीला पोट सांभाळत चढली, जिंतूरच्या दवाखान्याला निघाली. कडूबाईनं साहेबांवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. "पाखराच्या पुण्याईनं गाडी आली, बाप्पा!"

भगवानराव हात जोडून खिडकीशी उभे राहिले. "साहेब, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. पर... ते पाखरू काल उडून गेलं हो."

"जाऊ द्या. समुद्राचं होतं, समुद्राकडं गेलं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसे साहेब खिडकीतून वाकले.

"भगवानराव, बदकाच्या पंखांची काजळी खोबरेल तेलानं पुसा. नुसत्या पाण्यानं निघायची नाही."